सतराव्या होलपाशी अब्बा

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर रविवारी सहसा खेळ नसतो. त्या दिवशी कुणीही आत फिरावे. आम्ही अब्बांना घेऊन गेलो. त्यांचे तरुणपण पुण्यात साहेबलोकांच्या गोल्फच्या पिशव्या वाहण्यात गेले. स्वतः खेळणे क्वचितच.

सतराव्या होलपाशी ते थांबलेच. ओपन स्पर्धेत याची लांबी 495 यार्ड, पार चार. पहिला फटका उजवीकडच्या हॉटेलच्या शेडवरून मारायचा. भिऊन डावीकडे मारला, तर पुढे ग्रीनला लागून असलेला वाळूचा खोल खड्डा आडवा येतो. दुसरा जरा लांब गेला, की चेंडू मागच्या रस्त्यावर, नाहीतर दगडी भिंतीपाशी. 1978 साली जपानच्या नाकाजिमाचा चेंडू ग्रीनवर पोचूनही घरंगळत त्या खड्ड्यात गेला. या एका होलला त्याला नऊ फटके लागले.

“मग खेळायचे कसे?” आम्ही विचारले.

“दुसरा फटका मुद्दाम आखूड ठेवायचा, ग्रीनच्या उजव्या तोंडाशी. तिथून हळूच वर. पाच लागतील, पण नऊ नाही. साहेबांना असेच सांगायचो, ऐकत नसत.”

“आणि तुम्ही स्वतः, अब्बा?”

ते शेडकडे बघत राहिले. “मी वरूनच मारला असता.”