कांठाचें भय

नेवाशाच्या माणसानें समुद्राविषयीं लिहावें हें थोडें धाडसाचेंच. सरळ रेषेनें मोजलें तरी समुद्र आमच्यापासून दोनशे किलोमीटरांहून दूर. पाऊस वर्षाकाठीं २०-२५ इंच, तोही आला तर. पाणी म्हणजे आम्हांला प्रवरा, आणि १९७६ सालीं जायकवाडीचें धरण पुरें झाल्यापासून प्रवरासंगमाजवळ पसरलेला त्याचा फुगवटा. अशा पाण्याला दोन कांठ असतात आणि दोन्ही आपलेच असतात. नावेंत बसलेल्या माणसाला भय वाटलेंच तर तें मध्यधारेंत. कांठ जवळ आला कीं तो सैल होतो, वहाणा शोधूं लागतो. ही समजूत इतकी स्वाभाविक आहे कीं, ती तपासून पाहण्याचें कोणाला कारणच पडत नाहीं.

मला तें कारण दोन वर्षांमागें विजयदुर्गास पडलें. भाद्रपद लागला होता. नारळी पौर्णिमा उलटून गेली होती, पण पाऊस हटला नव्हता. एका स्नेह्यांच्या ओळखीनें तेथील एका वृद्ध तांडेलांची उलांडीची होडी मिळाली. लांबी पंचवीस फूट, एक डोलकाठी, एक शीड. या किनाऱ्यावर आतां बहुतेक होड्यांना यंत्रें बसलीं आहेत. शिडावर विश्वास ठेवणारे हे गृहस्थ विरळाच. देवगड तेथून समुद्रमार्गें सुमारें वीस किलोमीटर. वारा पश्चिमेचा असल्यानें चार-पांच तास पुरेत, असा त्यांचा हिशेब होता.

विजयदुर्गाचें बंदर फार गुणी. वाघोटन नदीच्या मुखाशीं वाळूचा बांध साचत नाहीं, म्हणून कोणत्याही हवेंत तेथें शिरतां येतें, अशी त्याची जुनी ख्याति आहे. मराठ्यांचें आरमार तेथें नांदलें, त्यांत गडाच्या तटांइतकाच या गुणाचाही वांटा असावा. पुष्कळ खाड्यांच्या तोंडीं वाळू साचते आणि पावसाळी लाट नेमकी तिच्यावर फुटते. बाहेर तासन्‌तास तरलेली होडी उंबरठ्यावर उलटते ती अशी.

बंदराबाहेर पडतांच तांडेलांनीं होडी सरळ खोल समुद्राकडे घातली. गिर्याचा सडा पावसांत पुसट होत चालला. मीं म्हटलें, “अहो तांडेल, इतकें दूर कशाला? कांठाकांठानें जाऊं या कीं.” ते हंसले. म्हणाले, “मास्तरांनू, दर्याक भियाचा नाय, भियाचा ता जमनीक.”

या वाक्याचें भाष्य अर्ध्या तासांतच झालें. क्षितिजावर करडी भिंत उभी राहिली. वारा क्षणभर पडला आणि मग एकाएकीं सर कोसळली. शीड तत्काळ खालीं आलें. माझ्या हातीं डबा देऊन मला पाणी उपसावयास बसविण्यांत आलें. तांडेल सुकाणू धरून मागें पाठमोरे बसले होते. लाटांकडे त्यांचें लक्षच नव्हतें. ते कान देऊन ऐकत होते. थोड्या वेळानें मलाही तो आवाज ऐकूं आला: डावीकडे, दिसत नसलेल्या कड्याखालीं, जांभ्या दगडावर आपटणारें पाणी. वारा आम्हांला तिकडेच रेटत होता. आवाज वाढत होता. दूर असलेल्या होडीला तुटलें-फाटलें दुरुस्त करण्यास अवधि असतो. जवळच्या होडीला तो नसतो. सकाळीं घेतलेलें ते दोन मैल म्हणजे आमच्या हातांतला वेळ होता, आणि तो सरत होता. सर ओसरली तेव्हां कडा मला हवा होता त्याहून कितीतरी जवळ, काळा आणि ओला, उभा होता. शीड चढलें, होडी हळूहळू पुन्हा दूर सरकूं लागली. डबा मात्र मीं खालीं ठेवला नाहीं.

जोशुआ स्लोकम या खलाशानें १८९५ ते १८९८ या काळांत ‘स्प्रे’ नांवाच्या लहान शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारा तो पहिलाच. महासागर ओलांडणाऱ्या या माणसावर सर्वांत बिकट रात्र आली ती १८९६ मध्यें, दक्षिण अमेरिकेच्या टोकाशीं, तिएरा देल फ्वेगोच्या पावसाळी, ओसाड किनाऱ्याजवळ. अंधारांत चोहोंकडे फेसाळणारे खडक, आणि त्यांतून वाट काढणारा तो एकटा. त्याची हकीकत मीं तरुणपणीं आरामखुर्चींत वाचली होती. आरामखुर्चींत तो आवाज ऐकूं येत नाहीं.

देवगडचें बंदर आडोशाचें आहे, पण आंत शिरावयाचें तें किल्ल्याच्या टोकाशीं लगटून. तेथें तांडेल एक शब्द बोलले नाहींत. नांगर पडला, बिडी पेटली, तेव्हां मीं त्यांना सांगितलें कीं, शके १२१२ मध्यें आमच्या गांवीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या दुसऱ्या अध्यायांत, नाव थडीला लागतां लागतां दुर्वातांत सांपडते आणि चुकलेला अपाय पुन्हा गांठतो, असा दृष्टांत आहे. गीतेच्या श्लोकांत वारा नावेला पाण्यांत ओढून नेतो इतकेंच आहे. थडी जवळ आल्याचें ज्ञानदेवांचें.

तांडेल बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं अगदीं गंभीरपणें विचारलें, त्या महाराजांनीं कधीं होडी हांकली होती काय? मीं म्हटलें, तें ठाऊक नाहीं. पण आपेगांव, पैठण, आळंदी, नेवासें हीं सगळीं नदीकांठचीं गांवें.

“मगे तुमची न्हय मोठी आसतली,” ते म्हणाले.

मे महिन्यांतल्या प्रवरेचें वर्णन मीं त्यांना केलें नाहीं.