आमच्या शर्यतीचा अडसर

राजघाटाच्या वरच्या पायरीवर उभे राहिले म्हणजे तापीचे पात्र आणि त्यातील दगडी हत्ती एकदम दृष्टीस पडतात. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र आम्हां दोघा भावांचे तिकडे लक्षही नव्हते. पायऱ्यांवर आठ फुटी फळी टेकवून तिच्यावरून लाकडी मोटारी सोडण्याचे वेड आम्हांला लागले होते. फळीच्या मधोमध पट्टी ठोकून दोन वाटा केल्या होत्या. डावीकडे धाकट्याची मोटार, उजवीकडे माझी.

अमेरिकेत डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांनी १९५३ साली बालवीरांसाठी अशाच शर्यती सुरू केल्या. या मोटारींना इंजिन नसते. उतार हेच त्यांचे इंजिन.

मी फूटपट्टी दोन्ही मोटारींपुढे आडवी धरीत असे आणि ‘तीन’ म्हणताच उचलीत असे. हरणाऱ्याने एक गोटी द्यायची. आठ दिवसांत धाकट्याच्या सतरा गोट्या माझ्या डब्यात आल्या. तेव्हा तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “दादा, तुझी गाडी आधी सुटते.” ‘रडीचा डाव खेळतोस!’ म्हणून मी त्याला चांगलेच फटकारले.

रात्री काही केल्या झोप येईना. पट्टीचे उजवे टोक माझ्या हातात असे. उचलताना आधी तेच वर जाणार आणि डावे मागाहून! उठून वहीत आकडेमोड केली. फळीचे वरचे टोक खालच्यापेक्षा चार फूट उंच होते. घर्षण सोडून दिले, तर अशा उतारावर मोटार पहिल्या दशांश सेकंदात जेमतेम एक इंच सरकते. पण वेग सारखा वाढत जातो. म्हणून तोच दशांश सेकंद फळीच्या तळाशी दीड फुटांचे अंतर पाडतो. कलत्या फळीवरून गोळे सोडून गॅलिलिओने हाच नियम पडताळला होता. भांड्यातून गळलेले पाणी तोलून तो वेळ मोजीत असे. माझ्यापाशी तर साधी बुद्धीही नव्हती म्हणायची!

दुसऱ्या दिवशी अडसर करावयास घेतला. पहिला वर उचलला जाणारा केला. तो मोटारींची नाकेच वर उचलू लागला. मग फळीखाली बांबूची एक गोल काठी आडवी बसविली. तिच्यात एका रेषेत दोन खिळे ठोकले आणि फळीला खाचा पाडून ते वर काढले. मोटारी त्या खिळ्यांना टेकून उभ्या राहत. खिट्टी ओढली की काठी गरकन फिरे आणि दोन्ही खिळे उताराच्या दिशेने पडून खाचेत गडप होत. नुसत्या वजनाने ते पडत, पण मोटार त्यांना गाठून अडखळे. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली, तेव्हा कुठे खिळे मोटारींच्या आधी निघू लागले. काठी एकच, त्यामुळे एक खिळा आधी आणि दुसरा मागाहून, हा प्रश्नच उरला नाही.

खिट्टी ओढण्याचा मान धाकट्याला दिला. वाटा आलटूनपालटून दहा वेळा मोटारी सोडल्या. सात वेळा त्याची पुढे आली.

संध्याकाळी मी डबा त्याच्यापुढे उपडा केला. गोट्या सोळाच भरल्या. सतरावी, हिरव्या नक्षीची, अजून सापडलेली नाही. आणि तो रोज एकदा तरी तिची आठवण काढतो.