४० हजारांत

लॅमिंग्टन रोडवरून आत्ताच परतलो. खिशात नव्या कॉम्प्युटरसाठी तीन दुकानांची कोटेशनं. बजेट ४० हजार, मॉनिटर घरचाच जुना. ग्राफिक्स कार्डावर पाणी सोडताना जीव हळहळला. पण रायझन ५ ५६००जी प्रोसेसरच्या पोटातच कामापुरतं ग्राफिक्स आहे. फक्त ते मुख्य रॅममधूनच मेमरी उसनी घेतं. म्हणून १६ जीबीची एक स्टिक नको, ८-८च्या दोन हव्यात. डेटाला दोन वाटा मिळतात. दुकानदार म्हणाला, "साहेब, एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट देतो." नेमका तोच फुकटातला पॉवर सप्लाय नको! तो जळताना मदरबोर्डालाही सोबत नेऊ शकतो. तिथे अडीच हजार जास्तीचे घातले. मुलीला रंगीत चमचमणारे पंखे हवे होते. तिला अजून सांगितलेलं नाही.