मृच्छकटिकातली गाडी

सांगली-हरिपूरच्या रस्त्यावर हळदीच्या गाड्या बघतच माझं लहानपण गेलं. पेठेतली हळद हरिपूरच्या पेवांत साठवायला जायची आणि मोडलेलं चाक आमच्या घराजवळच्या सुताराकडे यायचं. धाव चढवायच्या दिवशी शेणकुटांचा मोठा जाळ व्हायचा. लाल झालेली लोखंडी पट्टी चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर घालायची आणि लगेच वरून पाणी. लोखंड आवळत जायचं आणि आरे तुंब्यात घट्ट रुतायचे.

गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे. शूद्रकाच्या नाटकावरून त्यांनी ‘संगीत मृच्छकटिक’ लिहिलं. आमच्या हौशी मंडळानं ते करायला घेतलं तेव्हा वसंतसेना कोण, चारुदत्ताच्या पदांना गळा कुणाचा, यावर भरपूर खल झाला. गाडी कोण करणार यावर चर्चाच नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नाव मातीच्या खेळण्यावरून पडलं असलं, तरी कथानक ओढते ती मोठी गाडीच. चारुदत्ताचा गाडीवान गाडीतलं अंथरूण विसरतो, ते आणायला गाडी घेऊन परत जातो. तेवढ्यात खेडुतांच्या गाड्यांनी वाट अडते, म्हणून खलनायक शकाराची गाडी चारुदत्ताच्याच दाराशी थांबते आणि वसंतसेना नेमकी तीत चढते. मग चारुदत्ताची गाडी येते, तीत तुरुंगातून निसटलेला आर्यक शिरतो. त्याच्या बेडीचा आवाज गाडीवानाला पैंजणांचा वाटतो! दोन गाड्यांचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. पण प्रेक्षकाला गाडीची एका वेळी एकच बाजू दिसते. म्हणून एक बाजू साधी, चारुदत्ताची. दुसरी भडक, पितळी फुलं ठोकलेली, शकाराची. विंगेत गाडी फिरवली की मालक बदलायचा.

खरी बैलगाडी आणू, असं कुणीतरी उत्साहानं सुचवलंच. खरी गाडी रंगमंचावर खोटी दिसते, असं माझं ठाम मत आहे. शिवाय ती विंगेतून शिरणार कशी? मी १८ मिमी प्लायचा साटा केला आणि खाली रबरी चाकं लावली, मागची दोन सरळ, पुढची दोन फिरती. दिसणारी मोठी चाकं पातळ प्लायची, रंगमंचाच्या फळ्यांना जेमतेम टेकणारी. त्यांच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, म्हणजे घर्षणानं ती गाडीबरोबर फिरत. भार वाहणारी चाकं दिसत नव्हती आणि दिसणारी भार वाहत नव्हती. आमच्या सुतारानं हे पाहिलं असतं तर मला दारातूनच हाकललं असतं.

सगळ्यात जास्त छळलं ते आवाजानं. ऑर्गनचा सूर धरून पद चाललेलं असताना चाक कुरकुरलं, तर गायक नट पुढचा आठवडा तुमच्याशी बोलत नाही. रबर, ग्रीस, खालच्या फळ्यांवर जुनं जाजम, असं करत गाडी मुकी केली. आणि मग दिग्दर्शकाला आठवलं, शूद्रकाच्या शकाराला बागेत आलेली गाडी म्हाताऱ्या डुकरासारखी घुरघुरताना ऐकू येते, आवाज हवाच. (हाच शकार गाडी भिंतीवरून आत आण म्हणतो. बैल मेले तर दुसरे घेईन, गाडीवान मेला तर दुसरा ठेवीन! नेपथ्य करणाऱ्याला असे निर्माते ओळखीचे असतात.) शेवटी विंगेत एकानं लाकडी खुंटी राळ लावलेल्या भोकात पिळायची असं ठरलं. तिचा आवाज इतका बेसूर होता की दिग्दर्शक खूष झाले.

बैल आम्ही दाखवलेच नाहीत. गाडीवान रिकाम्या जुवाशी बोलायचा, कासरा ओढायचा, मागून दोघं ढकलायचे. जवळच्या एका गावात प्रयोग झाला तेव्हा पहिल्या रांगेतले एक म्हातारे शेतकरी आत आले, गाडीखाली वाकून बघू लागले. बैलांबद्दल काही बोलतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं.

“बैलं झ्याक व्हती,” ते म्हणाले, “पर वंगणाचं नळकांडं कुठाय?”

पुढच्या प्रयोगाला साट्याखाली बांबूचं नळकांडं टांगलं, आत एरंडेलही घातलं. दिग्दर्शक म्हणाले, “अहो, हे तिसऱ्या रांगेतूनसुद्धा दिसत नाही.”

“पहिल्या रांगेतून दिसतं,” मी म्हटलं.