हिशेबाची सोबत

निसर्गातल्या जगावेगळ्या जोड्यांविषयी लिहिताना आपली लेखणी फार लवकर हळवी होते. कीटक झाडासाठी प्राण देतो, झाड जिवाणूला घर देतं आणि आपण लगेच मैत्री, त्याग असे शब्द काढतो. मला वाटतं, यात त्या जोड्यांचं खरं कर्तृत्व झाकलं जातं. दोन भिन्न जातींची सोबत टिकते ती हिशेबावर. आणि कामचुकाराला चाप लावायची सोय असेल, तर ती कोट्यवधी वर्षं निभावते.

उंबराचंच पाहा. उंबराचं फूल दिसणं म्हणजे अपूर्व योग, असं आपण म्हणतो; प्रत्यक्षात फुलं शेकड्यांनी असतात, फक्त खोडाला लगडलेल्या त्या गोल फळाच्या पोटात, आतल्या बाजूला. तिथे पोचायची वाट एकच, टोकावरचं खवल्यांनी बंद झालेलं छिद्र. गांधीलमाशीच्या कुळातली, तिळाहून लहान अशी एक मादी त्यातून अंग चेपत आत घुसते. पंख तिथेच तुटतात. आत ती सोबत आणलेले पराग फुलांवर पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि मरते. पुढे तिची बिनपंखी नर पिल्लं आधी फुलांतून बाहेर येतात, माद्यांशी मीलन करतात आणि फळाची भिंत कुरतडून वाट काढतात. त्या वाटेने माद्या नवे पराग घेऊन उडून जातात. उंबर, वड, पिंपळ, अंजीर या साऱ्या गोतावळ्याचा अशा माश्यांशी मांडलेला संसार सात-आठ कोटी वर्षांचा आहे.

मग हा त्याग नव्हे का, असं कुणी विचारेल. नव्हे, त्या मादीची सारी पुढची पिढी त्याच फळात वाढते. खरा प्रश्न वेगळा आहे: पराग न आणता नुसती अंडी घालून गेलं तर? पनामातल्या या कुळातल्या झाडांवर शार्लट यांडेर आणि अ‍ॅलन हेर यांनी हे तपासून पाहिलं आणि 2010 मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या जातींत माश्या मुद्दाम पराग गोळा करून आणतात, तिथे परागांविना राहिलेली फळं झाड बऱ्याचदा अकाली गाळतं. आतली अंडीही त्यांबरोबर जातात. आणि ज्या जातीत ही शिक्षा सर्वांत सौम्य, तिथेच रिकाम्या हाताने येणाऱ्या माश्या जास्त सापडल्या.

झाडाला मन नाही, मग ते हिशेब कसला ठेवणार, हा आक्षेप रास्त आहे. पण हिशेबाला मन लागत नाही. सोयाबीनचं रोप अलगद उपटा, मुळावरची एखादी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला, की समजावं, रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पकडताहेत. रोप त्यांना साखर पुरवतंय. टोबी कियर्स आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये काही मुळांभोवतीच्या हवेतला नत्रच काढून टाकला. जिवाणूंचं काम थांबलं, तसा रोपाने त्या गाठींचा प्राणवायू आखडता घेतला आणि तिथली जिवाणूंची वाढ जवळपास निम्म्यावर आली. अशी आवराआवर ज्या रोपांना जमली, त्यांचा वंश तगला; इतकाच याचा अर्थ.

तरी फुकटे उरतातच. उंबराच्या फळात बाहेरूनच अंडी घालायची लांब नळी खुपसून अंडी घालणाऱ्या, पराग न वाहणाऱ्या माश्याही आहेत. पण त्याने माझं म्हणणं मोडत नाही. थोडी गळती सोसूनही दोघांच्या पदरात काही शिल्लक पडते, म्हणून हा व्यवहार चालतो. ही दृष्टी रुक्ष वाटेल. मला मात्र, दोन स्वार्थांतून एवढं टिकाऊ काही उभं राहतं, हे भाबड्या मैत्रीहून थोर वाटतं.

यातून आपल्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट निघते. सोबत भावनेवर चालत नसेल, तर ती नुसत्या भावनेने राखताही येत नाही. दत्ताचं झाड म्हणून पारावरचा एक उंबर आपण तोडत नाही, हे चांगलंच. पण बाहेर पडलेल्या माशीचं आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतली फळं असलेला दुसरा उंबर गाठावा लागतो. म्हणून ओढ्याकाठचे, बांधावरचे, रस्त्याकडेचे उंबरही राखा.