'इन ल्यू ऑफ' आणि 'इन व्ह्यू ऑफ'

आमच्या द्वारकेत सहकारी गृहनिर्माण संस्थांची दाटी आहे आणि त्यांच्या सूचनाफलकांवर इंग्रजीची एक स्वतंत्र शैली नांदते. 'इन ल्यू ऑफ वॉटर शॉर्टेज' टँकर मागविले आहेत, ही त्यांतील एक सूचना. शब्दशः वाचल्यास पाणीटंचाईऐवजी टँकर मिळणार. रहिवाशांना तरी दुसरे काय हवे असते! फलकावर हे हसण्यावारी नेता येते, नस्तीवर नाही.

'ल्यू' हा फ्रेंचमधून आलेला शब्द, अर्थ 'जागा'. म्हणून 'इन ल्यू ऑफ' म्हणजे एकाच्या जागी दुसरे, आपल्या मराठीत 'ऐवजी'. दिल्ली महानगरपालिकेत नियमित सफाई कामगाराच्या जागी काम करणाऱ्याला 'एवजीदार' म्हणत, तोच हा अरबी मुळाचा शब्द. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम 25-एफमध्ये हा वाक्प्रयोग चोख बसला होता: कामगाराला कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस द्यावी, किंवा नोटिशीऐवजी त्या मुदतीचे वेतन. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही अदलाबदल सहज उमगते. 'इन व्ह्यू ऑफ' म्हणजे मात्र 'लक्षात घेता'. तेथे काहीही काढून घ्यायचे नसते. दोहोंच्या यमकाने घोटाळा होतो, एवढेच.

मध्यंतरी एका कार्यालयाकडून शिक्षेच्या आदेशाचा मसुदा माझ्याकडे आला. एका कनिष्ठ कर्मचाऱ्याची वेतनवाढ रोखावयाची होती, आणि ती म्हणे त्याच्या निवेदनाच्या 'इन ल्यू ऑफ'. केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, 1965 यांतील नियम 16 सांगतो की, किरकोळ शिक्षा देण्यापूर्वीही कर्मचाऱ्यास निवेदनाची संधी द्यावी आणि आलेले निवेदन विचारात घ्यावे. मसुदा नेमके उलट सांगत होता: निवेदन ऐकण्याऐवजी शिक्षा. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात कर्मचाऱ्याच्या वकिलाला याहून अधिक काय लागते?

"सर, मतलब तो वही है," संबंधित अधिकारी म्हणाले. मतलब तोच असता तर मी 'ल्यू' खोडून 'व्ह्यू' लिहिले असते आणि नस्ती पुढे गेली असती. परंतु 'लक्षात घेता' हे शब्दही पुष्कळदा काही लक्षात न घेताच लिहिले जातात, असा माझा अनुभव आहे. म्हणून तो वाक्प्रयोगच काढावा, निवेदनातील मुद्दे एकेक मांडावेत आणि प्रत्येक मुद्दा का अमान्य केला ते लिहावे, असा शेरा मारून नस्ती परत केली.

मसुदा तिसऱ्या फेरीत आला तेव्हा त्यात निवेदनाचे चार मुद्दे होते. तिघांना उत्तर दिलेले होते. चौथ्याला उत्तर सापडले नव्हते, आणि वेतनवाढ रोखण्याची शिक्षा जाऊन केवळ ठपका ठेवण्याचे प्रस्तावित केले होते.