रस्त्याच्या डाव्या हाताला

बनारसच्या ब्रह्माघाटाजवळच्या आमच्या गल्लीत आठ फुटांची फळी आणायची, तर वळणावर ती उभी करावी लागते. एकानं खालचं टोक धरायचं, दुसऱ्यानं समोरच्या ओट्यावर चढून वरचं टोक फिरवायचं. तेवढा वेळ गायी, स्कूटरी आणि शाळेची मुलं थांबतात. अंत्ययात्रा आली तर मात्र फळीनं थांबायचं. बाबांनी हे चव्वेचाळीस वर्षं केलं. त्यातली शेवटची पंधरा वर्षं वरचं टोक माझ्याकडे होतं.

बाबा इथल्या एका शाळेत काष्ठशिल्प शिकवत. उत्तर प्रदेशच्या बोर्डात हा विषय आहे. शाळा सुटली की घराच्या खालच्या खोलीत त्यांचं स्वतःचं काम सुरू व्हायचं: देव्हारे, पाट, चौरंग, आणि पोथी ठेवायची घडीची घोडी, जिला इथे सगळे रेहल म्हणतात. एकाच फळीतून दोन पाय काढायचे, बिजागरी न लावता एकमेकांत अडकलेले. मी हिंदी आणि बंगालीतून मराठीत अनुवाद करते. तौलनिक साहित्यात एम.ए. झाले तेव्हा अनुवादावर पोट भरेल असं वाटलं होतं. भरलं नाही. मग मी खालच्या खोलीत उतरले आणि रेहल करायला शिकले. सकाळी अनुवाद, दुपारी लाकूड. विजेचं बिल दुपारच्या कामातून निघतं.

ती खोली दहा बाय चौदा फुटांची, खिडकी एकच. शेजारच्या घराचं गेस्ट हाऊस झालं. पहाटेची गंगा पाहायला आलेल्या पाहुण्यांना दुपारी झोप हवी असते आणि आमचं रंध्याचं यंत्र नेमकं दुपारी चालायचं. आधी विनंत्या आल्या, मग तक्रारी. त्याच हिवाळ्यात बाबांचा खोकला महिनाभर राहिला. डॉक्टर म्हणाले, भुसा छातीत जातोय. मोकळी जागा बघा, नाहीतर काम बंद करा. काम बंद करण्याबद्दल घरात कोणी एक शब्दही बोललं नाही.

जागा बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं देऊ केली. पाच बिस्वे, म्हणजे जवळपास पावणेसात हजार चौरस फूट. वर पत्र्याची शेड, बाजूला आंब्याची दोन झाडं, थ्री फेजची लाइन जवळून गेलेली, भाडं आम्हाला झेपेल इतकं. पंचक्रोशीच्या रस्त्यावर, रामेश्वरच्या थोडं अलीकडे. सगळं चांगलं होतं. फक्त जागा रस्त्याच्या डाव्या हाताला होती.

हे कळायला पंचक्रोशी माहीत हवी. काशीभोवतीची ही प्रदक्षिणा पंचवीस कोसांची, म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटरची आहे. मणिकर्णिकेहून निघायचं, कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे पाच मुक्काम करत पुन्हा मणिकर्णिकेला यायचं. वाटेत १०८ देवस्थानं मानली आहेत. प्रदक्षिणा असल्यामुळे काशी कायम उजव्या हाताला राहते. रस्त्याच्या उजवीकडे क्षेत्र, डावीकडे बाकीचं जग. क्षेत्रात मरण आलं तर मुक्ती. पलीकडे आलं तर इतर सगळ्यांसारखं.

माझी पणजी राजापूरकडून विधवा होऊन इथे आली आणि तिनं क्षेत्रसंन्यास घेतला. ही सीमा आयुष्यात पुन्हा ओलांडायची नाही, असं ते व्रत. तिनं ओलांडली नाही. भावाच्या मुलाचं लग्न अलाहाबादला होतं, तेव्हा तिनं इथूनच अक्षता पाठवल्या. बाबांनी असं व्रत कधी घेतलं नाही. ते शाळेच्या सहलीबरोबर दिल्लीपर्यंत जाऊन आलेले. पण २०११ साली आई गेली आणि त्यानंतर ते एकही रात्र काशीबाहेर झोपले नाहीत. माझा भाऊ पुण्यात असतो. त्याच्या नव्या घराची वास्तुशांतसुद्धा बाबांनी फोनवरच पाहिली. कारण विचारलं की ते म्हणायचे, "प्रवास झेपत नाही." आम्हीही तेच कारण धरून चालायचो.

जागा पाहायला गेलो तेव्हा बाबा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. रामेश्वरच्या दिशेनं तोंड करून त्यांनी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. त्यांच्या विद्यार्थ्याच्या काही लक्षात आलं नाही. तो बोअरचं पाणी किती गोड आहे ते सांगत होता. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी गप्प राहिले. बाबा म्हणाले, "चहा कुठं मिळेल?"

रात्री जेवताना त्यांनी निकाल दिला. "दुकान तिकडं ने. लाकूड तसंही काशीबाहेरूनच येतं. झोपायला मी इकडं येईन."

"रोज? येऊन-जाऊन तीस-चाळीस किलोमीटर?"

"शाळेत नव्हतो का रोज जात?"

शाळा घरापासून दहा मिनिटांवर होती. मी तेही बोलले नाही. बनारसी माणसाला गावाबाहेर जायची हौस असतेच. नदीपल्याड जावं, भांग घोटावी, डुबकी मारावी, संध्याकाळी परतावं, याला इथे ‘बहरी अलंग’ म्हणतात, म्हणजे बाहेरची बाजू. आमचंही तसंच धरायचं, असं मी स्वतःला समजावलं.

अडचण बाकाची होती. बाबांचा कामाचा बाक सात फूट लांब, शिसवी, इतका जड की चौघांना हलत नाही. खोलीचं दार सव्वादोन फुटांचं. तो कापावा लागणार असं मी धरून चालले होते आणि त्या विचारानं दोन रात्री मला झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी बाबा मोगरी घेऊन खाली बसले आणि बाकाच्या आडव्या पट्ट्यांच्या टोकांना त्यांनी ठोके द्यायला सुरुवात केली. तिथं पाचरी होत्या. मी पंधरा वर्षं त्या बाकावर काम केलं आणि त्या पाचरी मला नक्षी वाटायच्या. आडव्या पट्टीची जीभ पायातल्या भोकातून आरपार बाहेर काढलेली आणि तिच्या पोटात पाचर मारलेली. ना सरस, ना खिळा. अर्ध्या तासात बाकाचे नऊ तुकडे भिंतीला टेकून उभे होते.

"असा का केला होता?"

"पाणी आलं तर वर नेता यावा म्हणून."

१९७८च्या सप्टेंबरात गंगा इथं ७३.९०१ मीटरवर चढली होती. आजही तोच उच्चांक आहे. धोक्याची खूण ७१.२६२ची. खालच्या खोलीत पाणी भरलं आणि बाबांचा पहिला बाक, सरसानं जोडलेला, सुटून तरंगत दाराशी जाऊन अडकला. दुसरा त्यांनी १९७९ साली केला. मीही त्याच वर्षीची. म्हणजे ज्या माणसाला कुठेही जायचं नव्हतं, त्यानं बाक मात्र उचलून नेता येईल असा केला होता.

खोकी भरताना मला माझ्या धंद्यानं दगा दिला. हत्यारांची नावं आमच्या घरात दोन भाषांत चालतात. बाबांना काम शिकवणारे मिस्त्री इथलेच, त्यामुळे त्यांच्या तोंडात रुखानी, आरी, बसूला, बर्मा. आजोबांकडून आलेले शब्द पटाशी, करवत, वाकस, गिरमिट. रंदा आणि रंधा यांत तर एका श्वासाचा फरक. मी खोक्यांवर मराठी नावं लिहिली, बाबांनी त्यांच्या खोक्यांवर हिंदी. टेम्पोत जागा कमी पडू लागली तेव्हा एका खोक्यावर ‘रेती’ लिहिलेलं मला दिसलं. वाळू तिकडं गावात ढिगानं मिळेल, असं म्हणून मी ते खोकं मागं ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी करवतीला धार करायला बाबांनी कानस मागितली. एकही कानस सापडेना. हिंदीत कानशीला रेती म्हणतात. वाळूलाही म्हणतात. हे मला जन्मापासून माहीत आहे, अनुवाद करताना असल्या शब्दांपाशी मी दहादा थांबते, पण टेम्पोवाला घाई करत असताना थांबले नाही. बाबा खूप हसले. महिन्याभरात पहिल्यांदाच. आणि न खोकता.

काशीतल्या मराठी माणसाला हे नवं नाही. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर इथल्याच मराठी घरातले. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर यांनी ‘देशेर कथा’ बंगालीत लिहिली आणि भाच्यानं ती हिंदीत आणली. घरातली भाषा तिसरीच. आणखी मागं गेलं तर एकनाथांनी भागवतावरची टीका पैठणला सुरू केली आणि काशीत येऊन पुरी केली, शके १४९५ मध्ये. अर्धं झालेलं काम उचलून दुसऱ्या गावी नेताना त्यांना काय वाटलं असेल, हा विचार पूर्वी मला कधी सुचला नव्हता. आता टेम्पोत बाकाच्या नऊ तुकड्यांवर बसून जाताना सुचला.

नव्या जागेत पहिला आठवडा बाबा बिचकल्यासारखे होते. हात लांब करावा आणि पटाशी असावी, इतकी ती जुनी खोली अंगासरशी झालेली. इथं प्रत्येक वस्तूसाठी चार पावलं. मग वाळवी आली. सगळं लाकूड विटांवर उचलून ठेवावं लागलं. एका सकाळी नीलगाय शेडमध्ये शिरून ओल्या पॉलिशच्या चौरंगाला अंग घासून गेली. पण भुसा वाऱ्यानं निघून जायचा आणि मार्चपर्यंत खोकला थांबला. एकदा बारा फुटांची सागवानी फळी आली, तेव्हा बाबांनी ती मधोमध धरली आणि जागच्या जागी पूर्ण गोल फिरवली. कशालाही न लागता. काही काम नव्हतं तसं फिरवायचं.

रोज संध्याकाळी पाचला ते हातपाय धुवायचे आणि स्कूटरवर माझ्या मागे बसायचे. काम कितीही अर्धं असो.

२०२३च्या जुलैत अधिक श्रावण लागला. अधिक महिन्यात पंचक्रोशीला गर्दी असते. आमच्या दारावरून दिवसभर माणसं जायची, अनवाणी, डोक्यावर गाठोडी, बायकांचा भरणा जास्त. बाबांनी दाराशी पाण्याचा माठ ठेवला. कुणाची काठी मोडली तर ते नवी तासून द्यायचे. एक दिवस दुपारी सुरू झालेला पाऊस थांबेचना. सहा वाजता वाटेवरच्या नाल्याचं पाणी रस्त्यावर आलं. स्कूटर काढणं वेडेपणाचं होतं. मी म्हटलं, "बाबा, आजची रात्र इथंच राहू. लाकडाच्या ढिगावर गादी घालते."

ते बराच वेळ पावसाकडे पाहत राहिले. मग त्यांनी चटई गुंडाळली, प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेतला आणि रस्ता ओलांडला. समोर, उजव्या हाताला, एक लहानसं देऊळ आहे. त्याच्या ओसरीत वीस-पंचवीस यात्रेकरू दाटीवाटीनं बसले होते. बायकांनी गाठोडी सरकवून त्यांना जागा केली. तिथून त्यांनी हात हलवला: दार लावून घे.

मी दार लावलं नाही. बाकावर बसून राहिले. आमच्यात सगळा मिळून वीस फुटांचा रस्ता होता. मला त्यांच्या त्या विश्वासातलं फार थोडं शिल्लक आहे, आणि तरी त्या रात्री ते ओसरीवर असल्याचं मला बरं वाटलं. इथं, माझ्या बाजूला, त्यांना काही झालं असतं तर ही जागा मी स्वतःला कधी माफ केली नसती. बारानंतर पलीकडची भजनं थांबली. त्यांचा खोकला ऐकू येतो का म्हणून मी कान देऊन होते. आला नाही.

पाचला ते परत आले, धोतर चिखलानं भरलेलं. मी चहा ठेवला. त्यांनी बाकावरची टेप उचलून माझ्या हातात दिली.

"देवळाची चौकट खालून वाळवीनं खाल्लीय. यात्रेकरू निघाले की माप घेऊन ये. उजवीकडची बाजू नीट बघ, तिथं दोन बोटं जास्त धर."